टाके घातल्यावर बर्फ कधी, शेक कधी?

छोट्या ऑपरेशननंतर दोन तासांत घरी सोडतात. चिठ्ठीवर गोळ्या असतात, पुन्हा कधी दाखवायचं ती तारीख असते, पण सुजेचं घरी काय करायचं हे बहुतेक वेळा राहून जातं. मग घरातलं कुणी बर्फ आणतं, कुणी गरम पाण्याची पिशवी भरतं. या वेळच्या पत्रांतून हाच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसला. छोट्या ऑपरेशनची सूज आठवड्याभरात बहुतेक आपोआप उतरते. चुकीच्या शेकाने किंवा बर्फाने भाजलेली कातडी मात्र त्याहून कितीतरी जास्त दिवस त्रास देते. म्हणून इथे आम्ही अंश, मिनिटं आणि कापडाच्या घड्या मोजून सांगितल्या आहेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण जखम त्यांनी पाहिली आहे.

मुलाची (वय 22) खालची अक्कलदाढ सोमवारी सकाळी काढली. हाड थोडं घासावं लागलं, दोन टाके आहेत. सोमवारी रात्री गाल बरा होता, आज बुधवारी लिंबाएवढा फुगला आहे आणि तोंडात दोन बोटंही जात नाहीत. आम्ही अजून बर्फच लावतो आहोत. काही बिघडलंय का? – एक वाचक, इचलकरंजी

या वर्णनावरून बिघडल्यासारखं वाटत नाही. अडकलेली दाढ काढल्यावर सूज लगेच दिसत नाही. ती 48 ते 72 तासांत सर्वांत जास्त होते आणि मग उतरू लागते. घासलेल्या हाडाभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्यातून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात. गाल आतून सैल असल्यामुळे ते सगळं तिथेच साठतं. शरीराचं दुरुस्तीचं काम असंच चालतं. तुमच्या हिशेबाने बुधवार-गुरुवारी गाल सर्वांत मोठा, शुक्रवारपासून उतार आणि पुढच्या सोमवारपर्यंत बरीचशी सूज गेलेली, असा क्रम धरा. मधल्या काळात गालावरचा काळा-निळा डाग हिरवट-पिवळा होऊन मानेपर्यंत उतरला तर घाबरू नका. साठलेलं रक्त वजनाने खाली सरकतं, इतकंच.

बर्फ मात्र आता बंद करा. त्याचं खरं काम पहिल्या दिवसाचं आणि फार तर दुसऱ्या दिवसाचं. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, झिरपणं मंदावतं, मज्जातंतू सुस्त होतात आणि दुखणं कमी होतं. आधीच साठून बसलेलं पाणी बर्फ परत नेत नाही. पहिल्या दिवशी 15 ते 20 मिनिटं लावून तेवढाच वेळ काढून ठेवायचा, तोही जागेपणीच. रात्री उठवून लावण्यापेक्षा डोक्याखाली दोन उशा देऊन झोपवणं जास्त उपयोगी.

48 तासांनंतर ओला शेक सुरू करा. जाडसर नॅपकिन 40 ते 42 अंश सेल्सियसच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि गालावर ठेवा. तीन-चार मिनिटांत तो निवतो, पुन्हा बुडवा. असं 10 ते 15 मिनिटं, दिवसातून चार वेळा. पाण्यात बुडवायचा थर्मामीटर नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूवर पाणी ओतून पाहा. छान ऊब लागली पाहिजे, हात मागे घ्यावासा वाटता कामा नये.

तोंड उघडत नाही ते चावायचा स्नायू आखडल्यामुळे. शेक संपल्या संपल्या, स्नायू ऊबदार असतानाच, तोंड हळूहळू उघडायला सांगा. ताण जाणवला की थांबायचं, पाच सेकंद धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा. आइस्क्रीमच्या स्वच्छ लाकडी काड्या एकावर एक ठेवून समोरच्या वरच्या-खालच्या दातांत किती मावतात ते रोज मोजा. आज सहा, उद्या सात असं वाढत गेलं की सुधारणा डोळ्यांना दिसते आणि मुलाला हुरूप येतो. काड्या ठोकून घुसवायच्या नाहीत.

24 तासांनंतर एक पेला (250 मिली) कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या करता येतात. पाणी तोंडात फिरवून आपोआप गळू द्यावं, जोरात पिचकारी मारू नये. स्ट्रॉने ओढून पिणं, सिगारेट, तंबाखू, मशेरी पूर्ण बंद. खड्ड्यात बसलेली रक्ताची गुठळी निघाली की तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कानापर्यंत जाणारा भयंकर ठणका सुरू होतो आणि तोंडाला घाण वास येतो. तो ना बर्फाने थांबतो ना शेकाने. दंतवैद्य खड्डा धुऊन त्यात औषध भरतात, त्यानेच आराम पडतो.

चौथ्या दिवसानंतरही सूज वाढतच असेल, ताप 101 फॅरनहाइटपर्यंत जात असेल किंवा पू दिसत असेल तर शेक थांबवून दाखवायला न्या. गिळता येत नाही, जिभेखाली किंवा हनुवटीखाली कडक सूज आहे, श्वास जड झालाय, यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट न पाहता तडक मोठ्या रुग्णालयात जा.

मनगटावरची गाठ काढली. दुखत होतं म्हणून फ्रीझरमधला निळा जेल पॅक हातावर बांधून झोपले. सकाळी टाक्यांच्या बाजूला रुपयाएवढा पांढरा चट्टा होता, आता तिथे फोड आलाय. बर्फाने असं होतं का? – एक वाचक, ठाणे

होतं. हे बर्फाने भाजणं आहे. फोड फोडू नका, त्यावर टूथपेस्ट किंवा मलम लावू नका, कोरडी निर्जंतुक पट्टी ठेवून, ज्यांनी टाके घातले त्या डॉक्टरांना आजच दाखवा. फोडातलं पाणी लालसर असेल किंवा कातडी काळपट दिसत असेल तर इजा खोलवर गेली आहे असं समजा.

कसं झालं ते कळलं की पुन्हा होणार नाही. साधा बर्फ वितळत असतो तोवर शून्य अंशावर थांबतो, त्याच्या खाली जात नाही. घरातला फ्रीझर मात्र उणे 18 अंशांच्या आसपास असतो आणि त्यातून काढलेला जेल पॅक सुरुवातीला तितकाच गार असतो. तो गोठून दगड होत नाही, मऊच राहतो, आणि मऊ म्हणजे सौम्य असं हाताला वाटतं. कुल्फीवाला मडक्यातल्या बर्फावर खडे मीठ टाकतो ते आठवा. मिठामुळे बर्फ शून्याच्या बराच खाली जातो, म्हणून तर दूध गोठतं. जेलमधले पदार्थही असेच पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतात. यातूनच दुसरी सूचना निघते. बर्फ जास्त गार व्हावा म्हणून पिशवीत मीठ कधीही टाकू नका.

छोट्या ऑपरेशननंतर सर्वांत भरवशाची पिशवी घरीच होते. झिपच्या पिशवीत दोन मुठी बर्फाचा चुरा आणि अर्धी वाटी पाणी घाला, हवा दाबून काढा, पिशवी बंद करा. पाण्यामुळे दोन गोष्टी साधतात: पिशवी अंगाच्या आकाराप्रमाणे बसते आणि तापमान शून्याच्या खाली उतरत नाही. कातडी आणि पिशवीच्या मध्ये पातळ सुती हातरुमाल, ओला करून पिळलेला, एकपदरी. जाड कोरडा टॉवेल गुंडाळला तर गारवा आत पोचतच नाही. मग 'बर्फाने फरक पडत नाही' म्हणून लोक टॉवेलच काढून टाकतात, आणि भाजतं ते तेव्हा. जेल पॅकच वापरायचा असेल तर तो फ्रीझरऐवजी खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमधलाच असेल तर टॉवेलच्या दोन कोरड्या घड्या हव्यात. काही जण दोन भाग पाणी आणि एक भाग सर्जिकल स्पिरिट मिसळून घरीच मऊ पॅक करतात. तोही शून्याखाली जातो, त्याला हाच नियम.

पिशवी लावली की आधी गार वाटतं, मग जळजळतं, मग ठणकतं, शेवटी बधिर होतं. बधिर झालं की काढायची, घड्याळात 20 मिनिटं झाली नसली तरी. दर पाच मिनिटांनी उचलून कातडी पाहायची: गुलाबी-लाल ठीक, पांढरी आणि मेणासारखी दिसली तर लगेच थांबायचं. भुलीच्या इंजेक्शनचा असर असेपर्यंत हे टप्पे जाणवतच नाहीत, तेव्हा फक्त घड्याळ आणि डोळे यांवर चालायचं आणि 10 मिनिटांत काढायचं. कोपराच्या आतल्या बाजूला, आपटलं की करंट लागतो तिथे, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. तिथेही 10 मिनिटांच्या वर नको. आणि पट्टीने बांधून झोपणं तर कुठेच नको. तुमच्या बाबतीत सगळं नुकसान त्या एका गोष्टीने केलं आहे.

थंडीत ज्यांची बोटं पांढरी-निळी पडतात, गार पाण्याने ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, किंवा जिथे दुसरीकडची कातडी काढून लावली आहे, त्यांनी सर्जनला विचारल्याशिवाय बर्फ लावू नये.

वडिलांच्या (वय 68, बारा वर्षं मधुमेह) पायाच्या अंगठ्याचं रुतलेलं नख काल अर्धं काढलं. पाऊल सुजलंय. बादलीत कढत पाणी आणि मीठ घालून पाय बुडवून बसायला आजी सांगते. – एक वाचक, सातारा

नको. आजचं पत्र छापून येईपर्यंत थांबता येणार नव्हतं म्हणून तुम्हाला उत्तर आधीच कळवलं आहे. इतरांसाठी कारण सविस्तर देतो.

बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पावलांच्या नसा मंदावतात. चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नसेल, तर पाणी किती गरम आहे हे त्या पायाला कळणार नाही. 44 अंशांवर कातडी भाजायला साधारण सहा तास लागतात, 49 अंशांवर काही मिनिटं पुरतात आणि 60 अंशांवर पाच सेकंद. फक्त 16 अंशांच्या फरकाने तासांचे सेकंद होतात. बादलीतलं 'कढत' पाणी यातलं कुठलं आहे हे पायच सांगू शकत नसेल, तर पाय त्यात घालायचा नाही. शिवाय कालच कापलेल्या जागी ऊब दिली की रक्तवाहिन्या रुंदावतात, थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होतं आणि पट्टी ओली होऊन जंतूंना जागा मिळते.

बर्फही नको. मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा आधीच कमी असू शकतो आणि बोटांच्या टोकांना तो आणखी आकसणं परवडत नाही.

मग उरतं काय? पाय वर ठेवणं, आणि ते पुरेसं असतं. वडिलांना पलंगावर आडवं करून पोटरीखाली उशा अशा रचा की पाऊल छातीपेक्षा उंच राहील आणि टाच हवेत राहील, उशीवर दाबली जाणार नाही. पहिले दोन दिवस जेवण आणि संडास सोडून असंच. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवणं ही अर्धी सोय आहे, कारण पाऊल छातीच्या खालीच राहतं. पाय लोंबकळत ठेवून टीव्ही पाहिला की तासाभरात सूज परत येते. पाय वर धरल्यावर बोटं फिकट पडत असतील किंवा पोटरी दुखत असेल तर मात्र पाय खाली घ्या आणि डॉक्टरांना कळवा, ते रक्तपुरवठा कमी असल्याचं लक्षण असतं. बोटं रोज दिवसाच्या उजेडात पाहा. काळसर रंग, वर चढणारी लाल रेघ, वास किंवा अचानक वाढलेली साखर, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

मधुमेह नसलेल्या तरुण माणसाला नख काढल्यावर पावलाच्या वरच्या भागावर, पट्टीच्या मागे, 10-15 मिनिटं गार पिशवी ठेवता येते. थेट बोटावर तरीही नको.

मोबाइलवर वाचलं की बर्फाचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरनेच तो मागे घेतला. मग लावायचा की नाही? – एक वाचक, पुणे

वाचलंत ते खरं आहे. अमेरिकेतले डॉ. गेब मर्किन यांनी 1978 साली विश्रांती, बर्फ, दाब आणि दुखरा भाग उंच ठेवणं अशी चार गोष्टींची सूत्रबद्ध शिफारस खेळाडूंच्या दुखापतींसाठी केली होती. पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरं होणं लांबू शकतं. सूज हा दुरुस्तीचाच भाग आहे, ती पूर्णपणे दडपणं बरं नाही.

पण ती चर्चा मुरगळलेला घोटा आणि दुखावलेला स्नायू यांची आहे, आणि दिवसेंदिवस बर्फ लावत राहण्याविषयी आहे. टाके घातल्यावर पहिल्या दिवशी बर्फ लावायचा तो मुख्यतः दुखणं कमी करायला, म्हणजे गोळ्याही कमी लागतात. दुखण्यावर त्याचा परिणाम सुजेवरच्या परिणामापेक्षा जास्त खात्रीचा आहे. आमचं मत विचाराल तर पहिले 24 तास, फार तर 48, थोडा थोडा वेळ लावा आणि विसरून जा. पाचव्या दिवशीही बर्फ लावावासा वाटत असेल तर दुखण्याचं कारण शोधायला हवं.

पाठीवरची चरबीची गाठ काढून आठ दिवस झाले. टाक्यांखाली पाण्याच्या फुग्यासारखं मऊ लागतं, दुखत नाही. सासूबाई ओव्याच्या पुरचुंडीने शेकून हळद भरायला सांगतात. – एक वाचक, नाशिक

गाठ काढल्यावर आत पोकळी राहते आणि तिच्यात फिकट पिवळं पाणी साठतं. बोटाने दाबलं की पाण्याची लाट हलल्यासारखी वाटते, ताप नसतो, कातडी लाल नसते. लहान असेल तर काही आठवड्यांत शरीर ते पाणी शोषून घेतं. मोठं असेल तर सर्जन सुईने काढतात आणि दाब देणारी पट्टी बांधतात. दाबून, चोळून किंवा शेकून ते बाहेर येत नाही. चोळल्याने टाक्यांची कड मात्र उसवते.

सासूबाईंचा ओव्याचा शेक पोट धरलं की किंवा सर्दीत छातीवर बरा वाटतो, त्याला आमची हरकत नाही. ताज्या टाक्यांवर अडचण अशी की तव्यावरून उचललेल्या पुरचुंडीचं तापमान कुणालाच सांगता येत नाही. बाहेरचं फडकं निवलेलं लागतं आणि मधले दाणे तापलेले असतात. ऑपरेशननंतर टाक्यांच्या आजूबाजूची कातडी काही आठवडे थोडी बधिर असते, म्हणजे चटका उशिरा कळतो. हळदीची भुकटी निर्जंतुक नसते, टाक्यांच्या भोकांत बसते, आणि सगळी कातडी पिवळी झाल्यावर जखमेभोवतीची लाली डॉक्टरांना दिसतच नाही. हळद दुधातून घ्या, जखमेत नको.

टाके निघाल्यावर, जखम पूर्ण मिटलेली असताना, आजूबाजूचे आखडलेले स्नायू गरम पाण्याच्या पिशवीने शेकता येतात. पिशवी दोन तृतीयांशच भरा, टेबलावर आडवी ठेवून हवा काढा, मगच बूच लावा. उकळतं पाणी भरू नका. नळाचं थोडं पाणी मिसळा, टॉवेलच्या दोन घड्या गुंडाळा आणि अंगाखाली घेऊन झोपू नका. रबराला चिरा पडल्या असतील तर पिशवी फेकून द्या. रात्री पिशवी फुटून पाठ भाजणं फार वाईट असतं.

बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. बर्फ लावायचा का, किती दिवस? – एक वाचक, लातूर

पहिले 24 ते 48 तास, 10-15 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. तिथली कातडी फार पातळ असते, म्हणून पिशवी कपड्याच्या वरूनच. लंगोट किंवा घट्ट अंडरवेअर दोन दिवस रात्रंदिवस घाला. आधार मिळाला की दुखणं आणि सूज दोन्ही कमी होतात. गरम पाण्याने शेकू नका. जड वजन, सायकल आणि खड्ड्यांतून मोटारसायकल आठवडाभर बंद. थोडं काळं-निळं होणं चालतं. पण काही तासांत एका बाजूची सूज भराभर वाढून टणक झाली, तर आत रक्त साठतंय. तेव्हा बर्फ लावत बसू नका, दवाखान्यात परत जा. आणि एक गोष्ट सुजेची नाही, तरीही सांगितलीच पाहिजे: तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी होऊन ती निर्बीज आल्याशिवाय गर्भनिरोधक साधन सोडू नका.

पापणीतली गाठ काढली. डोळ्यावर बर्फ चालतो का? – एक वाचक, मडगाव

थेट बर्फ नको. उकळून गार केलेलं पाणी झाकून फ्रिजमध्ये ठेवा, त्यात निर्जंतुक गॉज भिजवून पिळा आणि बंद पापणीवर 5 ते 10 मिनिटं नुसता टेकवा. दाब द्यायचा नाही. दोन दिवसांनी तेच कोमट पाण्याने करा. पापणीच्या कडेच्या तेलग्रंथींतलं घट्ट झालेलं तेल ऊब मिळाली की पातळ होतं, आणि ते तुंबूनच ही गाठ होते. दर वेळी नवा गॉज, दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मात्र बर्फही नको आणि शेकही नको. डोळा दुखला किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे.

गावात वीज कधी असते कधी नसते, घरी फ्रिज नाही. बायकोची दाढ परवा काढायची आहे. – एक वाचक, ता. कुडाळ

दाढ काढून परत येतानाच कोल्ड्रिंकच्या दुकानातून दोन वाट्या बर्फ घ्या आणि थर्मासमध्ये भरा. झाकण सारखं उघडलं नाही तर तो रात्रीपर्यंत पुरतो, आणि लागतोही तेवढाच. मासळी बाजारातला बर्फही चालेल, पण तो पिण्याच्या पाण्याचा नसतो. पिशवी दुहेरी घ्या, गळत नाही ना ते हातावर उलटी धरून पाहा आणि तुकडा तोंडात चघळायला देऊ नका. काहीच मिळालं नाही तर माठातल्या पाण्यात सुती फडकं भिजवून गालावर ठेवा आणि पुठ्ठ्याने वारा घाला. पाणी उडतं तसा गारवा वाढतो. बर्फाइतका होत नाही, पण यात भाजायची भीती नाही, त्यामुळे हवा तितका वेळ चालतं. फडकं दर पाच मिनिटांनी पुन्हा भिजवा आणि पहिल्या रात्री उशा दोनच्या तीन करा.